‘मंद’ संगणकाची तपासणी

२०२५ च्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेचे सहाही संगणक एका दुपारी मोडीत काढले गेले. दुरुस्तीवाला आला. त्याने पहिला संगणक सुरू केला, पडद्यावर फिरणारे वर्तुळ दोन मिनिटे पाहिले, बाकीच्या पाचांना हातही लावला नाही आणि सांगून टाकले, “मॅडम, हे डबे झालेत. फॉरमॅट मारून बघतो, प्रत्येकी पाचशे होतील. पण खरं सांगू का, नवीनच घ्या.” त्या रात्री अभ्यासिकेच्या कार्यकर्त्यांची बैठक झाली. सहा संगणकांसाठी वर्गणी काढायची, की निदान दोन घ्यायचे, की फॉरमॅटचे तीन हजार देऊन मोकळे व्हायचे, यावर दोन तास गेले. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत बारा दिवसांवर आली होती. ज्या घरांत संगणक नाही अशा चाळीस-पन्नास मुलामुलींचे अर्ज याच सहा यंत्रांवरून जायचे होते. म्हणून सगळे घाईत होते. मात्र या यंत्रांना नेमके काय झाले आहे, हा प्रश्न बैठकीत कोणी विचारला नाही. मीही विचारला नाही.

मी संगणकाची शिक्षिका नाही. तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. संगणकाला मी पहिल्यांदा हात लावला तो पदवीच्या दुसऱ्या वर्षाला, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे त्याच्यासमोर बसताना पाहुण्याच्या घरी बसल्यासारखे वाटत असे. काही बिघडले तर आपल्या हातून बिघडले, असेच मन म्हणे. त्यामुळे कोणी ‘डबे झालेत’ म्हटले की मान डोलवायची, हीच माझी रीत होती. त्या रात्री घरी आल्यावर मात्र एक गोष्ट डोक्यातून जाईना. जो शेजारच्या पाच यंत्रांकडे पाहतही नाही, त्याला सहांचा निकाल कसा देता आला?

‘मंद’ हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. आमच्या शाळेत मागच्या बाकावरचे एखादे मूल वाचताना अडखळले की गुरुजी ‘मंद आहे’ म्हणून पुढच्या मुलाकडे वळत. त्याला फळा दिसत नाही, की ते उपाशी आले आहे, की रात्री घरात दिवा नव्हता, हे पाहण्याचे कष्ट घेतले जात नसत. चष्मा लागल्यावर एका सत्रात पुढे गेलेला एक मुलगा माझ्याच वर्गात होता. माणसाची आणि यंत्राची तुलना मी ताणणार नाही, कारण यंत्राचा अपमान होत नाही. पण ‘मंद’ म्हणून थांबण्याची आणि कारण न शोधण्याची सवय दोन्हीकडे सारखीच आहे.

संगणकाच्या बाबतीत तर कारण शोधणे फार सोपे आहे, कारण तो स्वतःच स्वतःचा हिशेब क्षणाक्षणाला मांडत असतो. तो हिशेब पाहण्याची साधने यंत्राबरोबरच येतात. त्यासाठी वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत, काही उतरवून घ्यावे लागत नाही. यांतले सर्वांत उपयोगी साधन म्हणजे टास्क मॅनेजर. डेव्ह प्लमर या मायक्रोसॉफ्टमधल्या अभियंत्याने ते लिहिले आणि १९९६ साली विंडोज एनटी ४.० बरोबर ते लोकांच्या हाती आले. म्हणजे जवळजवळ तीस वर्षे हा हिशेब आपल्या समोरच आहे. आपल्यापैकी बहुतेकांना त्याचा एवढाच उपयोग माहीत असतो की हँग झालेला प्रोग्रॅम त्यातून बंद करता येतो.

आमची यंत्रे विंडोज १० ची होती, म्हणून मी त्याच्याच आधारे लिहिते. विंडोज ११ मध्ये मांडणी थोडी वेगळी आहे, पण गोष्टी त्याच. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. चौकट लहानशी दिसली तर खालच्या ‘मोअर डिटेल्स’वर क्लिक करावे. वर चार रकाने दिसतात: सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क. प्रत्येकावर टक्केवारी असते. संगणक मंद झाला म्हणजे साधारणपणे या चारांपैकी कोठेतरी काम तुंबले आहे. कोठे, ते आधी पाहायचे. उपाय त्यानंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अभ्यासिकेत गेले. बारावीची दोन मुले आणि एम. ए.ला असलेली एक मुलगी सोबत होती. पहिल्या यंत्राचा टास्क मॅनेजर उघडला. सीपीयू १४, मेमरी ८८, डिस्क १००. आणि हा १०० चा आकडा हलायलाच तयार नव्हता. एक मुलगा लगेच म्हणाला, “ताई, डिस्क भरलीय. पिक्चर-बिक्चर काढून टाकू.” डिस्क पाहिली तर निम्मीही भरलेली नव्हती.

येथे बहुतेकांची फसगत होते. टास्क मॅनेजरमधली डिस्कची टक्केवारी ती किती भरली हे सांगत नाही. ती किती वेळ कामात गुंतली आहे हे सांगते. १०० याचा अर्थ डिस्कला क्षणाचीही उसंत नाही आणि तिच्या दारात रांग लागली आहे. दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक होती. १०० टक्के गुंतलेली ही डिस्क सेकंदाला जेमतेम एक-दीड एमबी माहिती हलवत होती. एवढे राबून एवढेच काम का?

जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरीच्या तबकड्या फिरत असतात, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा. हवी ती माहिती तबकडीच्या ज्या भागावर असेल तेथे वाचणारा काटा सरकवावा लागतो आणि तो भाग फिरून काट्याखाली येईपर्यंत थांबावे लागते. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात, ५४०० च्या डिस्कला ११.१. काटा सरकण्याचा वेळ वेगळाच. एकाच जागची माहिती सलग वाचायची असेल तर ही डिस्क वेगाने वाचते. पण इथले थोडे, तिथले थोडे असे विखुरलेले काम आले की सेकंदाला शंभराच्या आसपासच खेपा होतात. मंद संगणकात घडते ते हेच. सगळा वेळ येरझारांत जातो.

मग एवढ्या येरझारा कशासाठी? हे समजायला अभ्यासिकेचेच उदाहरण घेऊ. वाचणारा मुलगा म्हणजे सीपीयू. त्याच्यासमोरचे टेबल म्हणजे मेमरी, ज्याला आपण रॅम म्हणतो. मागच्या खोलीतली पुस्तकांची कपाटे म्हणजे डिस्क. टेबल मोठे असेल तर लागणारी सगळी पुस्तके एकदाच आणून मांडता येतात. टेबल लहान असेल तर नवे पुस्तक ठेवायला जुने उचलून मागे नेऊन ठेवावे लागते, आणि पाच मिनिटांनी तेच पुन्हा आणावे लागते. मुलगा हुशार आहे, कपाटातही जागा आहे; पण त्याचा सगळा दिवस ये-जा करण्यात जातो. बाहेरून पाहणारा म्हणतो, मुलगा मंद आहे.

आमच्या यंत्राचे टेबल ४ जीबीचे होते. विंडोज १० ची किमान गरज २ जीबी आहे असे कंपनी सांगते, पण ती यंत्र सुरू होण्यापुरती. त्यावर क्रोम उघडून अर्जाचे पान, दाखल्याची पीडीएफ, मेल आणि दुसरीकडे चालू असलेले गाणे एवढे मांडले की टेबल संपते. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ या पानावर डाव्या बाजूला ‘मेमरी’वर क्लिक केले, तर खाली ‘कमिटेड’ असा एक आकडा दिसतो. चालू असलेल्या प्रोग्रॅमना यंत्राने एकूण किती मेमरी देऊ केली आहे, ते तो सांगतो. आमच्याकडे ४ जीबीच्या यंत्रात तो ६ च्या वर होता. जे टेबलावर मावत नाही त्याची सोय विंडोज डिस्कवरच्या एका फाइलीत करते. तिचे नाव पेजफाइल.

आता खात्री करून घ्यायची होती. रिसोर्स मॉनिटर हे दुसरे साधन. स्टार्टच्या चौकटीत त्याचे नाव इंग्रजीत टाइप केले की सापडते. त्याच्या ‘डिस्क’ पानावर या क्षणी कोणती फाइल किती वाचली-लिहिली जात आहे याची यादी असते. त्यात पेजफाइल पहिल्या दोन-तीन नावांत होती. ‘मेमरी’ पानावर ‘हार्ड फॉल्ट्स’ची आलेखरेषा आहे. हवे ते पान टेबलावर न सापडल्याने कपाटाकडे धाव घ्यावी लागली, असे सेकंदाला किती वेळा झाले, ते ती दाखवते. नाव दोषाचे असले तरी यंत्र बिघडल्याचे ते लक्षण नाही. अधूनमधून चार-दोन उंचवटे प्रत्येक यंत्रात येतात. आमच्याकडे ती रेषा खाली यायलाच तयार नव्हती. एकूण टक्केवारी डिस्ककडे बोट दाखवत होती आणि दोष मेमरीच्या तुटवड्याचा होता. नुसता पहिला आकडा पाहून आम्ही सिनेमे पुसत बसलो असतो तर दिवस फुकट गेला असता.

टास्क मॅनेजरच्या ‘मेमरी’ पानावर कोपऱ्यात आणखी एक ओळ होती: ‘स्लॉट्स यूज्ड, १ ऑफ २’. म्हणजे रॅम बसवायच्या दोन खाचांपैकी एक रिकामी आहे. खोका उघडण्यापूर्वीच यंत्राने सांगून टाकले की आणखी एक रॅम बसू शकते. बाजारात जाताना हा कागद हातात असला की विकणाऱ्याशी बोलणे निराळे होते.

सहापैकी तीन यंत्रांची कथा हीच निघाली. राहिलेल्या तिघांची मात्र तीन तऱ्हा.

दुसऱ्या क्रमांकाच्या यंत्रात सीपीयूच १०० वर होता. ‘परफॉर्मन्स’च्या पानावर ‘बेस स्पीड’ म्हणजे मूळ वेग ३ गिगाहर्ट्झच्या वर लिहिलेला, आणि प्रत्यक्ष ‘स्पीड’ एकाच्याही खाली. सीपीयू फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. वायर काढून खोका उघडला तर पंख्यावर धुळीची गादी बसलेली. आमची अभ्यासिका रस्त्याला लागून आहे, आणि रस्ता दोन वर्षे खणलेला आहे. ब्रशने धूळ काढली, पंखा मोकळा झाला, वेग जागेवर आला. यासाठी पाचशे रुपये आणि फॉरमॅट! फॉरमॅटने पंख्याची धूळ निघत नाही.

या यंत्रावर एक गंमतही झाली. एका मुलाने ‘डिटेल्स’ हे पान उघडले आणि ओरडला, “सापडला! सिस्टम आयडल प्रोसेस, ९६ टक्के खातोय!” तो त्याला बंद करायला धडपडू लागला, ते होईना, म्हणून व्हायरसच आहे असे त्याने ठरवले. ‘आयडल’ म्हणजे रिकामा. सीपीयू किती वेळ मोकळा बसला आहे, एवढेच ती ओळ सांगते. ९६ असेल तर सीपीयूला काही कामच नाही, असा अर्थ. मी त्या मुलाला हसले नाही. अशी चूक मीही केली असती. शिवाय त्याने निदान आकडा तरी वाचला होता.

पाचव्या यंत्रात मेमरी ठीक, सीपीयू ठीक, पेजफाइलची धावपळ नाही, तरी डिस्क १०० वर. ‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्कच्या पानावर ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ असतो. विचारलेल्या प्रश्नाला डिस्क किती मिलिसेकंदांत उत्तर देते, तो हा आकडा. चांगल्या हार्ड डिस्कचा तो बहुधा दहा-वीसच्या घरात राहतो. काम वाढले तर अधिक. आमचा हजारांत जात होता. तेव्हा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. ही यंत्राची रोजनिशी. तिच्यात लाल-पिवळ्या खुणा नेहमीच असतात आणि त्यांतल्या बहुतेक किरकोळ असतात, म्हणून पाहूनच घाबरू नये. पण ‘विंडोज लॉग्ज’खालच्या ‘सिस्टम’ या नोंदीत ‘डिस्क’ या नावाने, क्रमांक ७ ची, ‘बॅड ब्लॉक’ असा मजकूर असलेली नोंद पुन्हापुन्हा दिसली तर विषय गंभीर. डिस्कची पाटी खराब होत चालली आहे. अशा वेळी वेग वाढवण्याचा कोणताही प्रयोग करू नये. डिस्क तपासून दुरुस्त करणारी चेकडिस्कची आज्ञाही आधी देऊ नये, कारण त्या मेहनतीतच मरणारी डिस्क मरते. आधी त्यातले सर्व काही दुसरीकडे उतरवून घ्यावे. आमच्या त्या यंत्रात चार वर्षांच्या स्पर्धा परीक्षांच्या नोट्स होत्या, मुलांनी स्वतः टाइप केलेल्या, आणि वस्तीतल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती होत्या. दुसरी प्रत कोठेच नव्हती. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही तेवढेच काम केले. दुरुस्तीवाल्याने ठरल्याप्रमाणे फॉरमॅट मारला असता तर त्या मुलाखती गेल्या असत्या, आणि त्या दिलेल्यांपैकी दोघे आता हयात नाहीत.

सहाव्या यंत्रात दोष काहीच नव्हता. अर्ज पुढे सरकत नव्हता तो इंटरनेटमुळे. कोणाच्या तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सहा यंत्रे चालत होती आणि त्यांतली दोन पाठीमागे विंडोजचे अपडेट उतरवून घेत होती. सेटिंग्जमध्ये त्या जोडणीला ‘मीटर्ड कनेक्शन’ म्हणून खूण केली की असे मोठे उतरवणे आवरते. अपडेट कायमचे बंद करू नयेत. रात्री, चांगल्या जोडणीवर होऊ द्यावेत.

आता थोडे सर्वच यंत्रांना लागू होणारे. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ पानावर संगणक सुरू होताच आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी असते आणि प्रत्येकापुढे त्याचा भार ‘हाय’, ‘मीडियम’, ‘लो’ असा लिहिलेला असतो. सुरू होताना जो सीपीयूचा एका सेकंदापेक्षा जास्त वेळ घेतो किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचणे-लिहिणे करतो, त्याला विंडोज ‘हाय’ म्हणते. आमची यंत्रे एका कार्यालयाने वापरून झाल्यावर देणगी दिलेली. त्यांत त्या कार्यालयाच्या प्रिंटरची साधने, मुदत संपलेला एक अँटिव्हायरस, त्यावर कोणीतरी टाकलेला दुसरा, आणि कोणी कधीच न वापरलेले बैठकांचे दोन प्रोग्रॅम रोज सकाळी उठून बसत होते. यादीतल्या नावावर क्लिक करून ‘डिसेबल’ केले की तो प्रोग्रॅम पुसला जात नाही, नुसता आपोआप उठायचा थांबतो. चूक झाली तर परत ‘एनेबल’ करता येते. म्हणून नवशिक्याने येथूनच सुरुवात करावी. मात्र नाव कळत नसेल तर हात लावू नये, आधी ते नाव शोधून पाहावे. दोन अँटिव्हायरसपैकी निदान एक तरी काढून टाकावा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर असतोच.

फॉरमॅटने संगणक काही दिवस वेगाने चालतो, हा अनुभव खोटा नाही. या साचलेल्या प्रोग्रॅमची यादी त्यात पुसली जाते म्हणून तसे होते. तेवढेच काम अर्ध्या तासात, एकही फाइल न गमावता, फुकट करता येते.

बंद करण्याविषयीचा एक घोटाळा सांगितला पाहिजे. ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूच्या पानावर ‘अप टाइम’ म्हणजे यंत्र सलग किती काळ चालू आहे ते दिसते. आमच्या एका यंत्रात तो ३१ दिवस होता. रोज रात्री कुलूप लावणारे काका रागावले, “मी रोज बंद करतो, बाई!” ते खरेच बोलत होते. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर यंत्र आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवते आणि सकाळी तीच उचलते. जुना गुंता कायम राहतो. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सगळे पहिल्यापासून सुरू होते. आठवड्यातून एकदा ‘रीस्टार्ट’ करायचे, एवढा नियम आम्ही केला.

इतिहास शिकवणारीला सर्वांत आवडलेले साधन म्हणजे रिलायबिलिटी मॉनिटर. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी हिस्टरी’ असे शोधले की मिळते. त्यात दिवसांची एक पट्टी असते, यंत्राच्या स्थैर्याला १ ते १० मध्ये दिलेले गुण असतात, आणि ज्या दिवशी काही कोसळले त्या दिवसावर लाल फुली असते. कोणत्या दिवशी कोणता प्रोग्रॅम टाकला, कोणता अपडेट आला, तेही त्याच पट्टीवर. ‘काय बिघडले’ याच्याआधी ‘कधीपासून बिघडले’ हे विचारावे, हे मी वर्गात मुलांना सांगते. यंत्रालाही तोच प्रश्न विचारता येतो, हे मला माहीत नव्हते. आमच्या एका यंत्रातल्या फुल्या एका ठराविक तारखेनंतर सुरू झाल्या होत्या, आणि त्या दिवशी कोणीतरी ‘पीसी फास्ट करा’ छापाचा एक फुकट प्रोग्रॅम टाकला होता.

अशा प्रोग्रॅमविषयी माझे मत कडक झाले आहे. ‘रॅम साफ करतो’ म्हणणारे तर अडाणीपणाचाच धंदा करतात. मेमरीचा जो भाग ‘कॅश्ड’ म्हणून दिसतो तो वाया गेलेला नसतो. लागण्याची शक्यता असलेली पुस्तके टेबलाच्या कडेला मांडून ठेवावीत तसा तो असतो, आणि जागा लागली तर क्षणात मोकळा होतो. तो जबरदस्तीने रिकामा केला की पुन्हा कपाटाच्या खेपा. नावाजलेली साधनेही निर्धोक असतातच असे नाही. २०१७ साली सीसीक्लीनर या जगभर वापरल्या जाणाऱ्या सफाईच्या प्रोग्रॅमच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक भाग घुसवला होता आणि ती वीस लाखांहून अधिक यंत्रांवर गेली होती. सफाई विंडोजच्या स्वतःच्या सेटिंग्जमधूनच करावी: ‘सिस्टम’, मग ‘स्टोरेज’, मग ‘टेम्पररी फाइल्स’. तिथे फक्त एक सावधगिरी. त्या यादीत ‘डाउनलोड्स’ हेही नाव असते, आणि आपल्या मुलांचे दाखले, गुणपत्रिका, जातप्रमाणपत्राच्या प्रती सगळ्या तेथेच पडलेल्या असतात. त्या नावापुढे खूण नाही हे दोनदा पाहावे.

डिस्क ‘डिफ्रॅग’ करण्याविषयी मुले विचारतात. जुन्या हार्ड डिस्कसाठी ते काम विंडोज ठरल्या वेळी आपोआप करते. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने विखुरलेल्या माहितीचा तो प्रश्नच तिथे उरत नाही. दोन्हीकडे आपण काही करायचे नाही.

ही सारी साधने फुकट असली तरी सर्वत्र मोकळी असतात असे समजू नये. एका महाविद्यालयाच्या संगणक कक्षात मी हेच मुलांना दाखवायला गेले तर पडद्यावर आले की टास्क मॅनेजर प्रशासकाने बंद केला आहे. कक्षाच्या प्रमुखांनी विचारले, “इतिहासाच्या मॅडमना याचं काय करायचंय?” मुलांनी काही बिघडवू नये म्हणून अधिकार मर्यादित ठेवणे मला समजते. पण बघण्याने काही बिघडत नाही. ज्या यंत्रावर मुलांनी तीन वर्षे शिकायचे, ते का थांबले हे त्यांना पाहूही द्यायचे नाही, याला मी शिस्त म्हणणार नाही.

अभ्यासिकेत आम्ही एक साधी वही केली. यंत्राचा क्रमांक, तारीख, सुरू होऊन काम करण्याजोगे व्हायला लागलेली मिनिटे, चार रकान्यांचे आकडे, काय बदलले, त्यानंतरचे आकडे. एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर गुण कशाचा ते कळत नाही. पहिले यंत्र सुरुवातीला सात मिनिटे घेत होते. स्टार्टअपची यादी आवरल्यावर चार झाली. आणखी ४ जीबीची रॅम बसवल्यावर ती चारच राहिली, पण अर्ज भरताना हँग होणे थांबले. सुरू होण्याचा वेळ आणि काम करतानाचा वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला त्या वहीने शिकवले. तीन जुन्या रॅम मिळून फॉरमॅटच्या तीन हजारांपेक्षा कमी खर्च आला. पाचव्या यंत्रासाठी एक लहान एसएसडी घेतली. आता तेच सर्वांत आधी सुरू होते आणि त्याच्यासाठी मुलांत भांडणे होतात. अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी संपले.

एक गोष्ट या साधनांनी सुटत नाही. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. घरगुती वापराच्या यंत्रांना नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत देण्यात आली. यंत्र वेगाने चालते म्हणून ते सुरक्षित आहे असे होत नाही, आणि आमच्या यंत्रांवर मुलांचे आधार क्रमांक आणि बँकेचे तपशील टाइप होतात. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठराविक पिढीनंतरचाच सीपीयू लागतो. यंत्रात काय आहे ते ‘सिस्टम इन्फर्मेशन’ हे साधन सांगते. आमच्या सहापैकी पाच यंत्रे त्यात बसत नाहीत, आणि येथे रॅम वाढवून किंवा धूळ झटकून काही होणार नाही. पाचांवर लिनक्स घालून पाहावे असे एम. ए.च्या मुलीचे म्हणणे आहे. तिने पाचव्या यंत्रावर पेन ड्राइव्हवरून ते चालवून दाखवले, मराठी टाइप होते, अर्जाचे पानही उघडते. प्रिंटर मात्र अजून चालत नाही. पुढच्या रविवारच्या बैठकीत तेवढाच विषय आहे.